न लिहिलेला कबुलीजबाब

उमेळ्याची ती घरफोडी मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे उघडकीस आणले, पण कोणी विचारलं तर मी हाच तपास सांगतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पालघर जिल्हा व्हायला अजून अवकाश होता आणि मी वसईला सब-इन्स्पेक्टर होतो.

एका बागायतदाराचं कुटुंब गावातल्या लग्नाला गेलं असताना संध्याकाळी त्यांचं घर फुटलं. मागच्या पडवीची कौलं काढून चोर आत उतरला. दागिने घेतले आणि आडव्या आलेल्या राखणदाराच्या डोक्यात घाव घालून पळाला. राखणदार इस्पितळात बेशुद्ध होता. तो दगावला असता तर खुनाचं कलम लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच आमचा एक जुना खबरी आला.

"साहेब, अर्नाळ्याचा तो जेलवाला काल उमेळ्यात फिरत होता. हातात गाठोडं होतं. या डोळ्यांनी पाहिलं."

जेलवाला म्हणजे एक मच्छीमार. तरुणपणी होडीवरच्या भांडणात त्याच्या हातून खून झाला होता. जन्मठेप भोगून तो नुकताच सुटला होता. आम्ही त्याला आणला. खुर्ची पुढे केली तरी तो भिंतीशी उकिडवा बसला, मान खाली घालून. नाव विचारलं की उभा राहायचा, उत्तर दिलं की पुन्हा बसायचा.

"काल संध्याकाळी उमेळ्यात काय करत होतास?"

या प्रश्नाला तो उभा राहिला नाही. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, जरा हिसका दाखवू?" मी नको म्हटलं. माझ्या हद्दीत चौकशी तोंडाने व्हायची, हाताने नाही. तेवढ्यात तो माणूस आपणहून म्हणाला, "मीच केला. लिवा साहेब."

"आत कसा शिरलास?"

"दार फोडून."

दाराला ओरखडाही नव्हता. मी पेन खाली ठेवलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, पण त्याच्या जोरावर जन्मठेप भोगून आलेला माणूस सहज कोठडीत कुजतो. निरपराध माणूस आपणहून आत का जायला निघालाय, हे मला कळायला हवं होतं.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. मी तिला बाजूला बसवलं. तो गुन्हा कबूल करतोय म्हटल्यावर तिचा बांध फुटला.

"तो चोरी कराला नाय गेला, साहेब. लेकीला बघाला गेला."

मग सगळं कळलं. नाशिकच्या जेलात भेटीला जायचं तर जाळीच्या पलीकडे तो, अलीकडे या दोघी. मुलगी बापाला हात लावायला रडायची. शेवटी आईने तिला नेणंच बंद केलं. गावात पोरं खुन्याची पोर म्हणून चिडवायची, म्हणून तिला डहाणूकडे मामाकडे ठेवली. मामानेच तिचं लग्न लावलं. सासरी सांगितलं, बाप दर्यात बुडाला. ते सासर उमेळ्यात होतं.

"तिचं नाव घेऊ नका, साहेब. तो म्हनतो, मना जेलची सवय हाय, तिला घर सोडाची नाय."

मी साध्या कपड्यांत उमेळ्याला गेलो. घरफोडीची चौकशी घरोघर करायचीच होती. त्या मुलीच्या सासरी ओटीवर रेल्वेतून निवृत्त झालेले सासरे बसले होते.

"आम्ही लग्नाला गेलो होतो," ते म्हणाले. "घरी सून आणि नातू."

मी कोणाचंही नाव घेतलं नाही. अर्नाळ्याचा एक माणूस संशयावरून ताब्यात आहे, एवढंच सांगितलं आणि उठलो. तेवढ्यात पोराला कडेवर घेऊन सून बाहेर आली.

"मामंजी, माझा बाप दर्यात गेला नव्हता. जेलमध्ये होता." पोराला सावरून ती पुढे म्हणाली, "काल संध्याकाळी तो माझ्याकडे होता. तुम्ही यायच्या आधी गेला, आला तसाच रिकाम्या हाताने. या पोराला मांडीवर घेऊन बसला होता. लिहून घ्या साहेब, मी कोर्टात पण सांगेन."

सासरे उठले आणि वाडीत निघून गेले. मी तिचा जबाब लिहून घेतला.

आता प्रश्न उरला खबऱ्याचा. त्याने पाहिलेलं गाठोडं आलं कुठून? बागायतदाराकडे विचारपूस केली, तेव्हा कळलं की पावसाळ्याआधी त्या घराची कौलं याच खबऱ्याने शाकारली होती. पंचांसमक्ष त्याच्या घराची झडती घेतली. भाताच्या तुसाखाली दागिने मिळाले. पुढे राखणदार शुद्धीवर आला आणि त्यानेही खबऱ्यालाच ओळखलं. शिक्षा झाली.

दागिने मिळाल्यावर मच्छीमाराला सोडायच्या वेळी मुलीचे सासरे ठाण्यात हजर झाले.

"माझे व्याही तुमच्याकडे आहेत. न्यायला आलोय."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. लग्नाआधी कळलं असतं तर सोयरीक मोडली असती मी, खोटं कशाला बोलू? पण आता ती माझ्या घरची आहे. तिचा बाप पोलीस ठाण्यातून एकटा जाणार नाही."

मच्छीमार बाहेर आला. सासऱ्यांनी हात पुढे केला, तसा तो तोंडावर पंचा धरून रडू लागला. मग दोघे व्याही आणि मागून त्याची बायको, असे तिघेही उमेळ्याच्या रस्त्याला लागले.

तुरुंगातून आलेल्या माणसाला पुन्हा आत टाकणं फार सोपं असतं, कारण तो विरोधच करत नाही. हे मला या तपासाने शिकवलं. पुढे असा कोणी माझ्यापुढे आणला की मी आधी त्याच्या घरी जाऊन यायचो, मग प्रश्न विचारायचो. या तपासासाठी मला वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली, ती दागिने सापडल्याबद्दल. मला अभिमान आहे तो त्या बापाला लेकीच्या दारातून उजळ माथ्याने आत जाता आलं याचा.