हिंदुरावचं न मोडणारं विमान

हिंदुरावनं बनवलेलं पहिलं विमान चौदा टनांचं होतं आणि ते उडालं नाही. धावपट्टीवरून सरळ पळत गेलं, धावपट्टी संपली तरी पळत राहिलं, आणि पुढं समुद्र होता, त्यात गेलं. हे सगळं लॅपटॉपच्या पडद्यावर, चिखलीत, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. मी शेजारी चहा पीत बसलो होतो. हिंदुराव पडद्याला नाक लावून बराच वेळ पाण्यात बघत राहिला आणि म्हणाला, "बघितलंस का भिवा? एक सांधा सुटला न्हाई."

पूनम, त्याची मुलगी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विमानं बनवायचा तो गेम तिनंच लॅपटॉपवर घेतला होता. यादीतून पंख, इंजिन, चाकं, दांडे उचलायचे, एकमेकांना जोडायचे आणि उडवून बघायचं. वजन किती झालं ते कोपऱ्यात दिसतं आणि ते वजन नेमकं कुठं तोलून आहे तिथं एक पिवळा गोळा दिसतो.

"पप्पा, ते उडायला हवं होतं," पूनम म्हणाली.

"उडंल की. आधी टिकलं पायजे."

हिंदुरावचा हा स्वभाव मी वीस वर्षं बघतोय. तो शिराळ्याकडचा. आमच्या ज्वारीच्या रानात वडिलांनी पत्र्याचे गाळे उभे केले, तेव्हा पहिला गाळा यानं घेतला. त्यात तो ट्रॉल्या बनवतो. चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग इकडून तिकडे न्यायला ज्या लोखंडी ढकलगाड्या लागतात, त्या. शेजारच्या गाळ्यात माझं पावडर कोटिंग आहे, म्हणजे त्यानं जोडायचं आणि मी रंगवायचं. त्याच्या ट्रॉलीचं वेल्डिंग सुटल्याची तक्रार आजवर एकदाही आलेली नाही. हे तो सांगतो आणि ते खरं आहे. ड्रॉइंगमध्ये चार तिरक्या पट्ट्या असतील तर हा सात लावतो. वरच्या तीन आपल्याकडून. कुणी मागितलेल्या नसतात, पैसेही वाढवून घेत नाही. माणसानं माणसाला काहीतरी जास्त द्यावं, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्याकडं द्यायला लोखंड आहे.

माझ्या भट्टीसमोर हुकावर एक ट्रॉली टांगायला दोन माणसं लागायची. ड्रॉइंगप्रमाणं एकात भागलं असतं. मी काही बोललो नाही. चांगुलपणाला नावं कुठं ठेवायची, असा विचार केला. खरं सांगायचं तर आळस केला.

आता कस्तुरावहिनींविषयी. हिंदुरावची बायको. चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत त्या चार वर्षं कंत्राटावर आहेत. दिव्यांनी भरलेली ट्रॉली एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर नेणं हे त्यांचं काम, शिफ्टमध्ये साठ-सत्तर खेपा. दिवाळीला काही बायकांना कायम करणार होते आणि यादीत वहिनींचं नाव होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात वर करून बघितला, तो कानापर्यंतही गेला नाही. "ओढाओढ बंद करा, नाहीतर हात असाच राहील," त्या म्हणाल्या. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाच्या बसला उभ्या राहिल्या. हलकं काम मागितलं की यादीतून नाव जातं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ती नोकरी त्यांना प्रिय आहे. गळ्यातलं ओळखपत्र घरी आल्यावरसुद्धा तासभर उतरवत नाहीत. फक्त वेणीफणी त्यांची त्यांना जमेना. रोज सकाळी पूनम आईचा अंबाडा घालून द्यायची आणि त्या वेळी हिंदुराव गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

जेवताना वहिनी त्या ट्रॉलीचा उद्धार करायच्या. "कुठल्या गाढवानं बनवलीया कुणास ठाऊक. वळतच न्हाई मेली. खांद्यानं हिसडा दिला तवा कुठं वळती."

"लोकांना अक्कल नसती," हिंदुराव म्हणायचा आणि भाकरी मोडायचा. मनापासून म्हणायचा. त्याचा माल तळवड्याचे ज्ञानदेवशेठ घेतात आणि पुढं कुणाला देतात ते सांगत नाहीत. धंद्यात कुणीच सांगत नाही. कंपनीत शिरताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, त्यामुळं वहिनींनी फोटो काढून दाखवायचाही प्रश्न नव्हता.

तर विमान. दुसऱ्या गुरुवारी हिंदुरावनं समुद्रात जाऊ नये म्हणून आणखी दोन इंजिनं लावली. इंजिनांना आधार पाहिजे म्हणून दांडे लावले. सोळा टन झालं. ते समुद्रात जास्त वेगानं गेलं.

"पप्पा, वजन कमी करा ना."

"आणि हवेत तुटलं तर? आत माणूस हाय."

आत माणूस नव्हता. गेममध्ये हेल्मेट घातलेलं एक चित्र होतं. पण हिंदुराव त्या चित्राला जबाबदार होता.

तिसऱ्या गुरुवारी पूनम हट्टाला पेटली. बापाच्या हातातून माउस घेऊन तिनं आधाराचे दांडे काढायला सुरुवात केली. प्रत्येक दांड्याला हिंदुराव "अगं, अगं" करत होता. सोळाचे सहा टन झाले. या वेळी विमान उठलं, पण नाक आभाळाकडं गेलं, जातच राहिलं, आणि मग ते शेपटीवर मागं पडलं. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. बाप-लेक दोघांचे चेहरे उतरले.

वहिनी डाव्या हातानं मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी एकदा बघितलं. "उलाळ झालंय ते," त्या म्हणाल्या.

पूनमला शब्द कळला नाही. मला कळला. बैलगाडीत माल मागं जास्त भरला की गाडी मागं कलते, जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळतात. त्याला उलाळ म्हणतात. वहिनींचं बालपण उसाच्या गाड्यांवर गेलेलं. "म्होरं भार सारा थोडा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथीत गेल्या.

इंजिन पुढं सरकवलं. पिवळा गोळा पुढं आला. विमान उठलं, नाक खाली करून सरळ झालं आणि समुद्रावरून निघालं. हिंदुराव खुर्चीतून उठून उभा राहिला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मीही उठलो. पाच मिनिटं आम्ही दोन पन्नाशीचे बापये हात मागं बांधून उभे होतो. मग त्याला विमान उतरवता येत नाही हे लक्षात आलं. ते शेवटी डोंगरावर गेलं आणि तुकडे तुकडे झालं. पण हिंदुरावच्या मनाला ते लागलं नव्हतं. हे बघून मी चकित झालो.

त्याच भरात वहिनी म्हणाल्या, "माझी ट्रॉलीबी करून बघा की ह्यात. कुठं चुकलीया ती, कळंल तरी."

हिंदुराव उत्साहात बसला. "सांग. आत्ता त्याची अक्कल काढतो."

वहिनी सांगू लागल्या. इतकी लांब, इतकी रुंद, त्यांनी वितीनं हवेत मापं दाखवली. तळाला पत्रा. पुढं दोन सरळ चाकं, मुठीकडं दोन वळणारी. हिंदुराव यादीतून दांडे उचलून जोडत होता. मग आधाराच्या पट्ट्या. इकडं एक तिरकी, तिकडं एक. मुठीच्या बाजूला आणखी दोन. "आणि त्यांच्या मधी परत दोन, उगंच," वहिनी म्हणाल्या. हिंदुरावचा हात जरा हळू झाला. सहा झाल्या.

"आणि एक..." वहिनी सांगणार, तोवर सातवी पट्टी पडद्यावर लागलेली होती. मुठीच्या खाली, आडवी.

"तिचं टोक..." वहिनी म्हणाल्या.

"ठोकून गोल केल्यालं असंल," हिंदुराव म्हणाला. "कुणाच्या हाताला लागाय नगं म्हणून."

मेथी निवडायची थांबली. वहिनींनी नवऱ्याकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत होता. मी कपात बघत होतो, त्यात चहा नव्हता. पिवळा गोळा मुठीच्या बाजूला, बरोबर वळणाऱ्या चाकांवर बसला होता. सगळा भार तिथं, म्हणजे ती वळायची कशी.

पूनम म्हणाली, "सेव्ह करू का?"

आणि तिनंच सेव्ह केलं. मग हिंदुरावनं स्वतःच एक पट्टी काढली, माल भरला, खडबडीत रस्त्यावर गाडी चालवून बघितली. मोडली नाही. दुसरी काढली. मोडली नाही. तिसरी काढली, ती टोक गोल असलेली. तरीही मोडली नाही, आणि गोळा मधोमध आला. चौथी काढली तेव्हा गाडी मोडली. म्हणजे चारच लागत होत्या. ड्रॉइंगमध्ये पहिल्यापासून चारच होत्या.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या गाळ्यात आला. रंग होऊन निघायच्या तयारीत एक निळी ट्रॉली उभी होती. त्यानं तिच्यात लोखंड भरलं, मूठ धरली आणि ढकलली. वळवून बघितली. परत वळवली.

"जड हाय का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

"मग बोलला न्हाईस?"

"तुला आवडत व्हतं म्हणून."

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उजवा खांदा दाबत उभा राहिला. त्याच्या खांद्याला काही झालेलं नव्हतं.

तो तसाच तळवड्याला गेला. ज्ञानदेवशेठ म्हणाले, "राव, सात मागितल्या होत्या कुणी?" वहिनींच्या कंपनीत अशा बासष्ट ट्रॉल्या फिरत होत्या. हिंदुराव म्हणाला, मी येऊन कापून देतो, तुम्ही फक्त आत सोडायची व्यवस्था करा. शेठ घाबरले. चूक कबूल करायला कुणी आपणहून येतंय म्हटल्यावर माणूस घाबरतोच. पण त्यांनी सोय केली. गुरुवारी लाइन बंद असते तेव्हा.

गेटवर वॉचमननं आमच्या मोबाईलवर चिकटपट्टी लावली आणि वही पुढं केली. येण्याचं कारण या रकान्यात हिंदुरावनं लिहिलं, चूक काढणे. वॉचमननं ते वाचलं आणि म्हणाला, "साहेब, मेंटेनन्स लिहा." आम्ही मेंटेनन्स लिहिलं.

मी सोबत गेलो होतो, कापल्या जागी रंगाचा फवारा मारायला. बोलायचं ते वेळेवर बोललो नव्हतो, निदान रंग तरी. ग्राइंडर चालू झाला आणि हिंदुरावची खरी अडचण कळली. त्याचं वेल्डिंग निघेना. चकत्या झिजत होत्या, ठिणग्या उडत होत्या आणि सांधे जागचे हलत नव्हते. "कोण करतं असं काम?" तो घाम पुसत ओरडला. मी म्हणालो, "हाय एकजण." पहिल्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत नऊ ट्रॉल्या झाल्या. बासष्टला सात गुरुवार गेले. विमान तसंच राहिलं.

पहिल्या नऊमधली एक वहिनींना मिळेल, असं हिंदुरावनं धरलं होतं. वहिनींनी आपल्या वाट्याची छबूबाईंना दिली. छबूबाई त्यांच्याच लाइनवर, वयानं थोरल्या. हिंदुराव चिडला. घरात पहिल्यांदाच त्यानं आवाज चढवला, "मी कुणासाठी कापतोय?"

"समद्यांसाठी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "केल्या कुणासाठी व्हत्या?"

तो ग्राइंडरच्या चकत्या मोजत बसला. पुढच्या गुरुवारी अकरा ट्रॉल्या कापल्या आणि त्यातली एक वहिनींनी घेतली.

ट्रॉल्या कुणी बनवल्या यावर घरात याहून जास्त कधीच बोललं गेलं नाही. जेवताना उद्धार मात्र बंद झाला. हिंदुराव म्हणायचा, गाढव म्हणाली असती तरी चाललं असतं, ही गप्प बसते ते सोसत नाही. बोलताना त्याचे डोळे भरायचे आणि तो ठिणग्यांना दोष द्यायचा.

दिवाळी झाली. वहिनी कायम झाल्या, ओळखपत्राची दोरी लाल होती ती निळी आली. एका सकाळी मी दुधाची पिशवी द्यायला वर गेलो. वहिनी बसच्या घाईत होत्या. पूनम फणी घेऊन आली. वहिनींनी ती तिच्या हातातून घेतली. उजवा हात वर गेला, कानापाशी थांबला, त्यांनी ओठ दाबले आणि मग हात आणखी वर गेला. अंबाडा जरा वाकडा झाला. हिंदुराव गॅलरीत निघाला होता, तो दारातच थांबला आणि बघत राहिला.

वहिनींनी पिशवी उचलली, चप्पल घातली आणि जाता जाता त्याला म्हणाल्या, "ती सातवी पट्टी तेवढी परत लावा. टोक गोल असल्याली. पाण्याची बाटली अडकवाय बरी पडायची."

आणि जिना उतरून गेल्या. हिंदुराव तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला. मी आणि पूनमनं बसू दिलं.

आता त्याच्या ट्रॉलीला पाच पट्ट्या असतात. ड्रॉइंगच्या चार आणि ती एक. ज्ञानदेवशेठनी विचारलं, ही जास्तीची कशाला? हिंदुराव म्हणाला, ग्राहकाची मागणी आहे.