दीड तासाचा मासा

आमच्या धावपट्टीवरून वैमानिकांना रेडिओवर वाऱ्याची खबर देण्याचं काम माझं. त्यामुळे उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या ग्रीस फियोर्ड गावाहून रेझोल्यूट किती लांब, हे मला कुणी शिकवायला नको. पावणेचारशे किलोमीटर, दीड तास. साइमात म्हातारीला मात्र ते पटायचं नाही.

तिची नात मिआली लग्न होऊन रेझोल्यूटला राहायची. साइमातची आई वारली त्याच हिवाळ्यात ही जन्मली आणि आईचंच नाव हिला मिळालं; आमच्यात नावाबरोबर नातंही येतं. म्हणून साइमात नातीला 'आई' म्हणे आणि पंचविशीतली नात आजीला 'पोरी' म्हणून दरडावे. आईला कच्चा गोठलेला मासा आवडायचा, सुरीखाली जरासा दबेल इतपत बर्फ सुटलेला. नातीलाही तसाच लागे. दर विमानाने साइमात एक मासा खोक्यात घालून धाडायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर.

"आई म्हणाली, परत लगदा झाला होता. तुझं विमान वाटेत चहाला थांबतं का रे?"

"आत्या, मधे बर्फाशिवाय आहे काय? दीड तास म्हणजे दीड तास."

"आधी छान पोचायचा. आता काय मासा खोटं बोलतो?"

माझ्या विमानावर आळ आलेला मला खपत नाही. मी रेझोल्यूटच्या विमानतळावर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "खोकं आत हीटरजवळ ठेवतो. पोरगी पूर्वी विमान उतरायच्या आधीच येऊन उभी असायची. हल्ली संध्याकाळ करते. परवा तर शेजारीण घेऊन गेली."

मी हे साइमातला जरा तोऱ्यातच सांगितलं.

"फोनवर तर हसते," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या विमानात जागा बघ."

मागे एकदा दवाखान्यासाठी विमानात बसवलं होतं, तेव्हा ती सगळी वाट डोळे मिटून होती. या वेळी खोकं मांडीवर घेऊन गेली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला, दबक्या आवाजात. "दीड तासच लागतो, तुझं खरं. आई पांघरुणात पडून होती. नवरा हिवाळा लागताच सोडून गेला, कुणाला बोलली नाही. माझ्याशीही धड बोलेना. मी मासा कापला आणि घास भरवला, लहानपणी आई मला भरवायची तसा. चार घास खाल्ले."

एवढ्यात फोन मिआलीने ओढून घेतला. आवाज खोल गेला होता, पण हुकूम तोच.

"काका, मी बरी आहे. या पोरीला उद्याच्या विमानाने परत धाडते. तिकडं वारा कसा आहे?"

मी खिडकीतून पाहिलं. वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला निपचित लोंबत होती. वाऱ्याबद्दल मी तोवर कुणाशी खोटं बोललेलो नव्हतो.

"फार सुटलाय गं," मी म्हणालो. "आठवडाभर विमानाचं काही खरं नाही."