प्लॅस्टरची पाल

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी चित्र काढायला सरांनी मला प्रयोगशाळेतला एक ठसा घरी नेऊ दिला होता. होमिओसॉरस नावाच्या प्राण्याच्या, दगडात सापडलेल्या सांगाड्याची ती प्लॅस्टरची प्रत. वीतभर लांब, शेपटी वळलेली, बोटं पसरलेली. तो केव्हाच नामशेष झाला. दिसायला पालीसारखा, पण पाल नव्हे, हे मला इंग्रजीत नीट माहीत होतं.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात ताईच्या डोक्यावर पाल पडली.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपची मंडळी तिला पाहायला येणार होती. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं. तेव्हापासून ती आरशापुढं जास्त वेळ असायची, एवढंच मला दिसलं होतं. ताई डोक्यावरून न्हाली, आईनं देवापुढं दिवा लावला, तरी आईचं समाधान होईना.

"निरोप धाडते. उद्या नकोच. डोक्यावर पडलेली लई वाईट."

कांचीच्या देवळातल्या सोन्याच्या पालीला हात लावला की हा दोष जातो म्हणतात. तिला शिवून आलेल्या माणसाला शिवलं तरी चालतं. पण आमच्या ओळखीतल्या तशा एकुलत्या एक आजी अक्कलकोटला लेकीकडे गेलेल्या.

ताई ओल्या केसांनी माझ्या टेबलावरच्या ठशापाशी आली.

"ही किती जुनी गं?"

"माणसाच्याही आधीची."

"म्हणजे कांचीच्या आधीची," ती दाराकडे बघत मोठ्यानं म्हणाली. दारात आई उभी होती.

"पालच ना ही?" आईनं मला विचारलं.

ताई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी 'हो' म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि मला 'हो' म्हणता येईना.

"पालीसारखी आहे. पण पाल नाही, आई. आणि हे हाडही नाही, प्लॅस्टर आहे."

आईनं वाकून ठसा पाहिला. "मग कांचीची तरी कुठं खरी हाय? सोन्याचीच की ती."

आई कुंकवाचा करंडा घेऊन आली, तेव्हा मी फक्त "डाग पडेल, सरांचं आहे" एवढंच म्हणाले. तिनं करंडा बाजूला ठेवला. ताईनं डोळे मिटून डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. मग आईनं. निरोपाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

"तूपण लाव," ताई म्हणाली.

"माझ्यावर कुठं पडलीय?"

"पडंल की कधीतरी."

सकाळपासून मी तो ठसा कितीदा उचलला होता, पट्टीनं त्याची हाडं मोजली होती. तरी आता हात लावायच्या आधी उठले, मोरीत जाऊन हात धुऊन आले. का, ते मला कळलं नाही.