अंजनाबाई आणि डॉजचा एअर क्लीनर

नागपूरहून सावनेरला जायला तेव्हा तीन साधनं होती: छोटी रेल्वे, एसटी आणि धोंडबाची डॉज. मी सावनेरच्या शाळेत शिकवत असे आणि राहायला नागपुरात होतो, त्यामुळे तिन्हींचा मला पुरता अनुभव होता. छोटी रेल्वे कधी पोचेल ते सांगता येत नसे. एसटीत पाटणसावंगीपर्यंत उभं राहावं लागे. डॉज मात्र सकाळी सातला छावणीच्या चौकातून आठ-नऊ माणसं कोंबून निघे आणि शाळेची घंटा होण्याआधी मला दारात सोडे.

गाडी सत्तेचाळीस सालची. धोंडबा आधी एका खाणमालकाकडे ड्रायव्हर होता. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्याने धोंडबाला दिली. ते एकसष्ट साल. तेव्हापासून ती टॅक्सी झाली. रस्ता कच्चा-पक्का, त्यावर कोळशाचे ट्रक, आणि उन्हाळ्यात समोरचा बैलसुद्धा दिसू नये इतकी धूळ. या रस्त्यावर इतर टॅक्स्यांची इंजिनं दोन-अडीच वर्षांत खोलावी लागत. धोंडबाचं सात वर्षं चाललं. त्याचं कारण तो एकच सांगे. दर रविवारी तो मानकापूरच्या घरी, अंगणात बोरीखाली गाडी उभी करून, तिचा एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा डबा, उतरवून धुवायचा. त्या रविवारी कोणाचं लग्न असो की मयत, आधी ते काम.

त्याची बायको अंजनाबाई. वय पस्तिशीचं, अंगाने बारीक, बोलणं कमी. ती घरी बसून विड्या वळत असे. गाडीशी तिचा संबंध एवढाच, की धोंडबाचे तेलकट कपडे तिला धुवावे लागत.

अडुसष्टच्या डिसेंबरात एका सकाळी गाडी सेल्फने सुरू होईना. थंडी फार होती. धोंडबाने हँडल काढलं आणि पुढून फिरवायला लागला. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती आवळायचा नाही, हे त्यानेच आम्हाला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी हात गारठले होते म्हणून असेल, त्याने मूठ आवळली. इंजिनाने उलटा झटका दिला. मी चार पावलांवर उभा होतो. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि धोंडबा बंपरवर बसला. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "गुरुजी, आज तुम्ही एसटीनं जा."

मनगट मोडलं होतं. गावाकडच्या एका हाडवैद्याने कामट्या लावून ते बांधलं आणि तीन महिने हात हलवू नको म्हणून सांगितलं.

गाडी थांबवून चालणार नव्हतं. वाडीला ट्रक चालवणारा ताराचंद नावाचा ओळखीचा ड्रायव्हर होता, तो तीन महिन्यांसाठी आला. गाडी तो चांगली चालवायचा. पण पहिल्या शनिवारी धोंडबाने त्याला उद्या सकाळी डबा धुवायला ये म्हटलं, तर तो म्हणाला, "धोंडबाभाऊ, म्या गाडी चालवतो. भांडे घासत नाही."

धोंडबा डाव्या हाताने खटपट करू लागला. ते अंजनाबाईने पाहिलं. तिने विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सांगा. मी करतो." तिकडच्या बायका बोलताना असंच म्हणतात, करतो, जातो.

मग धोंडबा खाटेवर बसला, हात गळ्यात बांधलेला, आणि अंजनाबाई बॉनेटखाली वाकली. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे, आणि दोघांचं सांगणं बहुतेक जुळतं.

"मधात तो दोन कानाचा नट होय न, तो ढिला कर."

"निघून नाही राहिला."

"उलटा फिरवून राहिली तू. दुसरीकडं फिरव. हां. आता डबा सरळ उचल. तिरपा नको करू, तेल खाली सांडते."

डबा निघाला. इंजिनाचं उघडं पडलेलं तोंड धोंडबाने तिला आधी स्वच्छ फडक्याने झाकायला लावलं. मग झाकण आणि त्याला लागलेली जाळी वर उचलली. खाली वाटीसारख्या भागात तेल होतं, डांबरासारखं काळं. ते ओतून दिल्यावर तळाशी बोटभर चिखल निघाला.

"एवढी माती?" अंजनाबाई म्हणाली.

"एका हप्त्याची. हे नसतं तं इंजिनाच्या पोटात गेली असती."

"मंग तेल कायले लागते? नुसती जाळी पुरे नाही का?"

धोंडबाला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने नीट सांगितलं. हवा बाजूने आत येते, खाली तेलावर आपटते आणि उलटी फिरून वर जाते. वळताना जड धूळ तेलात पडते. हलकी धूळ हवेबरोबर वर जाते, पण जाळीही तेलाने ओली असते, तिथे ती चिकटते. मग इंजिनाला निव्वळ हवा मिळते.

चिखल खरवडून तिने वाटी रॉकेलने धुतली. जाळी रॉकेलमध्ये बुचकळून झटकली आणि निथळायला बोरीच्या फांदीला टांगली. जाळी सुकेपर्यंत तिने स्वयंपाक केला. मग वाटीत नवं तेल भरलं, सगळं होतं तसं बसवलं.

सोमवारी आम्ही निघालो. कोराडीच्या अलीकडे गाडी उचक्या देऊ लागली आणि मागून पांढरट निळा धूर निघाला. एक म्हातारा आग आग म्हणत खाली उतरला, मग सगळेच उतरलो. ताराचंदने डबा उघडला आणि हसायला लागला. तेल काठोकाठ भरलेलं होतं. इंजिन हवेबरोबर तेलही ओढून घेत होतं. त्याने जास्तीचं तेल एका रिकाम्या बाटलीत काढलं आणि अर्ध्या तासाने आम्ही पुढे गेलो. संध्याकाळी ती बाटली त्याने अंजनाबाईपुढे ठेवली.

"वयनी, पाहुण्याले वाढते तसं वाढलं तुम्ही गाडीले."

धोंडबा चिडला. "मी तुले वाटीतली रेघ दाखवली होती न? तिथंवर भर म्हटलं होतं."

"रेघ दाखवली," अंजनाबाई म्हणाली. "रेघेच्या वर गेलं तं काय होते, ते नाही सांगितलं. मले वाटलं, जास्त तेल तं जास्त चांगलं."

मग धोंडबाने जास्त तेलाने काय होतं ते सांगितलं, आणि तिने विचारलं म्हणून कमी तेलाने काय होतं तेही सांगितलं. पुढच्या रविवारपासून ती प्रत्येक गोष्ट काहून म्हणून विचारू लागली. काहून याच नंबरचं तेल? काहून उन्हाळ्यात दाट? धोंडबा खाटेवरून उत्तरं देई. काहींची उत्तरं त्यालाही ठाऊक नव्हती. मालकाच्या वेळचा मेकॅनिक तसं करायचा म्हणून तो करत आला होता.

सहाव्या की सातव्या रविवारी तिने एक केलं, जे धोंडबाने कधी केलं नव्हतं. डबा उतरवल्यावर इंजिनाच्या ज्या तोंडावर तो बसतो, त्याच्या आत तिने बोटाला पांढरी चिंधी गुंडाळून ते फिरवलं. डब्यातून गाळून आलेली हवा इथे येते, म्हणजे इथे धूळ नसायला पाहिजे, असा तिचा सरळ हिशेब. चिंधी तपकिरी झाली.

तिने ती धोंडबाला नेऊन दाखवली.

"बाहेरची लागली असन," तो म्हणाला.

"बाहेरची नाही. आतून पुसली. एका बाजूनंच हाये, पट्टा पडला हाये."

"डबा धुतलेला राह्यते. आत धूळ कशी जाईन?"

"डब्यातून नाही गेली. डब्याच्या खालून गेली. तिथं जे गोल बसवते, ते एका जागी तुटलं हाये."

डबा आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाचं एक गोल कडं असतं, फट राहू नये म्हणून. ते जुनं होऊन वाळलं होतं आणि बोटाच्या पेरभर जागेत उडालं होतं. धोंडबाने ते किती वर्षांत नीट पाहिलं नव्हतं ते त्यालाच आठवेना. त्याने मात्र कबूल केलं नाही. उलट म्हणाला, "सात वर्षं म्या ही गाडी सांभाळली. तू आता दोन महिने डबा घासून मले शिकवतं का वं?"

अंजनाबाईने चिंधी तिथेच खाटेच्या पायाशी ठेवली आणि आत गेली. चार दिवस दोघं कामापुरतं बोलले. त्यांची मुलगी गोपिका तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्यामार्फत जेवायला बोलावणं, पाणी मागणं चाललं होतं.

पाचव्या दिवशी ताराचंद म्हणाला की चढावर गाडी दम टाकते आणि इंजिन तेल खातं आहे. धोंडबा उठला, बॉनेट उघडलं, डाव्या हाताने नट काढून डबा उतरवला. इंजिनाच्या तोंडात बोट घालून फिरवलं, ते तपकिरी निघालं. मग आत जाऊन म्हणाला, "इतवारीत चालतं का? बुचाचा पत्रा आणू."

इतवारीच्या बाजारात, इंजिनाची अशी कडी म्हणजे पॅकिंग विकणाऱ्या एका दुकानात त्यांना तसा पत्रा मिळाला. अंगणात त्याने डाव्या हाताने जुनं कडं धरून ठेवलं, तिने पेन्सिलीने रेघ ओढली आणि कातरीने कापलं. पहिलं बिघडलं. दुसरं बसलं.

पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी इंजिन खोलावंच लागलं. गॅरेजमध्ये मी होतो, कारण त्या दिवशी आम्ही दोन-तीन रोजचे प्रवासी गाडी कधी मिळेल ते विचारायला गेलो होतो. मेकॅनिकने सिलिंडरवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "धूळ खाल्ली हाय इनं. कोन करत होतं एअर क्लीनर? घरची बाई ना?"

ताराचंदने मान डोलावली. अंजनाबाई दाराशी डबा घेऊन उभी होती.

"तिनं नाही," धोंडबा म्हणाला. "ते माह्यापासून होय. पॅकिंग तुटलं होतं, मले दिसलं नाही. तिले दिसलं." थांबून त्याने पुन्हा म्हटलं, "माही चूक होय."

मेकॅनिक वर बघून पुन्हा कामाला लागला. अंजनाबाईने डबा बाकावर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही.

मार्चमध्ये हात सुटला. मनगट वाकडंच राहिलं, पण गाडी चालवता येत होती. ताराचंद वाडीला परत गेला. पहिल्या रविवारी धोंडबाने सवयीने बॉनेट उघडलं, नट काढला, डबा सरळ उचलला. मग तो तसाच अंजनाबाईपुढे धरला आणि म्हणाला, "धर. तूच कर." त्यानंतर ते काम तिच्याकडेच राहिलं.

हळूहळू स्टँडवरचे इतर ड्रायव्हर आपले डबे आणून देऊ लागले. कोणी अँबॅसडरचा, कोणी जीपचा. रविवारी बोरीला चार-पाच जाळ्या टांगलेल्या दिसत. चंपतराव नावाचा एक ड्रायव्हर होता, तो भरायला इंजिनातून काढलेलं जळकं तेल घेऊन आला. तिने भरलं नाही.

"सारेच भरते हे," तो म्हणाला.

"भरत असन. त्यात पहिलेच मळ हाये, अजून कुठचा धरन? नवं आणा."

तो डबा उचलून तणतणत गेला. पुढच्या रविवारी नवं तेल घेऊन आला.

डॉज पुढे बारा वर्षं चालली. इंजिन परत खोलावं लागलं नाही. दरम्यान कोराडीचा रस्ता डांबरी झाला, मॅटाडोर आल्या, त्यांच्या फिल्टरमध्ये तेल नव्हतं. कागदी फिल्टर मळला की झटकायचा, नाहीतर फेकून नवा लावायचा. अंगणात डबे येणं कमी होत गेलं. एक्क्याऐंशी साली जबलपूरचे एक गृहस्थ, ज्यांना जुन्या गाड्या जमवायचा छंद होता, डॉज पाहायला आले. त्यांनी इंजिन सुरू करून ऐकलं आणि धोंडबाला विचारलं, इतकी वर्षं हे कसं टिकवलं?

"इले विचारा," धोंडबा म्हणाला.

अंजनाबाईने त्यांना सांगितलं. किती तेल, कोणतं, जाळी कशी निथळायची, कडं केव्हा बदलायचं. आणि प्रत्येक गोष्ट काहून, तेही सांगितलं. ते गृहस्थ खिशातून डायरी काढून लिहून घेत होते. मध्ये एकदा त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, तर तिने एका ठिकाणी दुरुस्ती केली. आठवड्याने ते गाडी घेऊन गेले.

धोंडबा चौऱ्याऐंशीत वारला. घर विकून अंजनाबाई गोपिकेकडे वाडीला राहायला गेली. जावई तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात होता. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ती दारात बसून नातवाचं दप्तर शिवत होती. समोर ट्रकांची रांग लागलेली, धूळ उडत होती. मी विचारलं, आता कोणाचे डबे धुता की नाही?

"नाही गुरुजी," ती म्हणाली. "आता हात साफ राह्यते. बरं वाटते."

मग तिने मला चहा केला, आणि माझ्या पेन्शनचं काम झालं का ते विचारलं.