रश्श्यासाठी आणलेल्या कोंबड्या

आमच्या घरी कोंबड्या पाळायला म्हणून कोणी आणल्या नव्हत्या. कापायला आणल्या होत्या.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरात पहिला ताप माझ्या सासऱ्यांना आला. मी त्यांना मामाजी म्हणत असे. पोस्टमन म्हणून नोकरी करून ते रिटायर झाले होते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं लोटली होती. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या छोट्या घरात मामाजी, माझा नवरा आणि मी एवढेच राहत होतो. आम्हाला मूल नव्हतं. मामाजींचा ताप चार दिवसांत उतरला. मग नवऱ्याला आला, आणि काही केल्या उतरेना. त्याच्यापाठोपाठ मीही आजारी पडले, पण माझं थोडक्यात निभावलं.

माझा भाऊ उमरेडकडच्या गावी शेती करतो. फोनवर त्यानं नवऱ्याचा खोकला ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटारसायकलच्या हँडलला पिशवी लटकवून आला. पिशवीत दोन गावरान कोंबड्या होत्या, एक तांबडी आणि एक ठिपक्याठिपक्यांची. त्यानं फाटकाच्या आत पाय टाकला नाही. पिशवी वरूनच माझ्याकडे दिली.

"भाऊजीले गरम रस्सा देजो," तो म्हणाला. "अंगात ताकद येते."

त्याच दुपारी नवऱ्याला धाप लागली. अँब्युलन्स आली, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि चढताना मला म्हणाला, "मोटार वाइंडिंगवाल्याचे दोन फोन येतीन, त्यायले सोमवार सांग." महाल भागात त्याचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. मी हो म्हटलं. सहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. आम्ही दोघं घरात बंद होतो, त्यामुळे चेहरा पाहायला मिळाला नाही. अस्थी भावानं आणून फाटकावर ठेवल्या.

त्या दिवसांत कोंबड्यांचं काय झालं, ते मला खरंच आठवत नाही. मागच्या अंगणात शेवग्याच्या बुंध्याला मी त्यांना सुतळीनं बांधलं होतं, एवढंच माहीत आहे. शेजारच्या काकू भिंतीवरून कणी आणि पोळीचे तुकडे टाकत होत्या, हे मला त्यांच्याकडूनच नंतर कळलं. एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"अवं, त्यायची सुतळी तरी सोड. पायात रुतून राहिली."

मी उठले, सुतळी कापली आणि पुन्हा येऊन पडले. त्यानंतर कोंबड्या मोकळ्या फिरू लागल्या. त्यांना कापायचा विषय घरात कोणी काढला नाही. आमच्यात कसलाच विषय निघत नव्हता. मी भात टाकायची, मामाजी जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे आणि समोरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे. ते रडले नव्हते. आलेल्या माणसांपुढे नाही आणि माझ्यापुढेही नाही. मला त्याचा राग यायचा.

मागच्या अंगणात नवऱ्यानं दुरुस्तीला म्हणून आणून टाकलेला एक जुना कूलर होता. मोटर काढलेली, नुसता पत्र्याचा सांगाडा आणि आत वाळलेलं गवत. एका सकाळी मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या तळहातावर एक अंडं होतं.

"कूलरमंदी टाकलं तिनं," ते म्हणाले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ते स्वतःहून काही बोलले होते.

त्या अंड्याचं काय करावं, ते आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी ते फळीवर वाटीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं आलं. मामाजींनी कूलरचा एक पत्रा कापून दार केलं, आत पोतं अंथरलं, मुंगसाच्या भीतीनं खाली विटा रचल्या. आमचं खुराडं असं झालं. भावाला फोन करून त्यांनी एक कोंबडा मागवला, तोही मला न विचारता. मला वाटलं, या माणसाचा एकुलता एक मुलगा गेला आणि याला कोंबडा सुचतो आहे.

पावसाळ्याच्या मध्यावर भाऊ मला न्यायला आला. माहेरी सगळ्यांचं बोलणं झालं होतं. शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी होती, पण शाळाच बंद होती. भावाचं म्हणणं सरळ होतं, "चाल घरी. इथं कोनासाठी राहून राहिली?" मी बॅग भरली.

मामाजी तेवढा वेळ मागच्या अंगणात होते. आम्ही निघणार तेव्हा आत आले. हात कोंड्यानं माखलेले होते.

"ठिपकेवाली खुडूक झाली," ते मला म्हणाले. "काल अकरा अंडे ठेवले तिच्याखाली. एकवीस दिवस लागते. मले एकट्याले नाई जमनार, बाई. पिल्ले निघाले का मंग जा."

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मामाजी त्याच्याकडे न पाहता माझ्या बॅगेकडे पाहत होते. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला माणसाची गरज नसते, हे माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीला चांगलं माहीत होतं. तिच्यापुढे दाणापाणी ठेवलं की झालं. मी भावाला म्हटलं, "तू जा. मी येते महिन्याभरानं."

त्या एकवीस दिवसांत आम्ही थोडंथोडं बोलू लागलो. सातव्या दिवशी मामाजींनी अंधाऱ्या न्हाणीघरात टॉर्चवर एकेक अंडं धरून मला दाखवलं. ज्यात लाल शिरांचं जाळं दिसलं ती परत ठेवली, दोन कोरी निघाली ती बाजूला काढली. नऊ पिल्लं निघाली. त्यांतलं एक मांजरानं नेलं, आठ जगली. मी गेले नाही. मामाजींनीही विचारलं नाही.

पुढे ते वाढतच गेलं. आठांतल्या पाच माद्या होत्या. त्या अंडी द्यायला लागल्या तेव्हा कूलर पुरेना. बांबू आणि जाळी आणून मामाजींनी भिंतीच्या कडेनं लांब खुराडं बांधलं. कोणती कोंबडी नीट बसते, कोणती अंडी फोडते, कोणती दुसरीच्या पिल्लांना टोचते, ते त्यांना पाठ होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात कोंबड्या चोची उघडून धापा टाकतात. दुपारी दोन वाजता ते डोक्याला पंचा बांधून जाळीवर ओली पोती टाकत, पाण्यात गूळ विरघळवून ठेवत. मी ओरडायची, "मामाजी, तुमालेच ऊन लागन!" ते म्हणत, "मी पोस्टमन होतो. मले काय लागते ऊन."

अंडी घरात संपेनाशी झाली, तेव्हा ते ती वाटायला निघाले. खांद्याला पिशवी, पिशवीत भुशात ठेवलेली अंडी, आणि पायी. सक्करदऱ्यापर्यंतच्या गल्ल्यांत त्यांनी कधीकाळी पत्रं टाकली होती. आता त्याच दारांवर "अंडेवाले बाबा" म्हणून ओळखले जाऊ लागले. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा गुडघा दुखतो, हे घरी येऊन सांगायचे. मी शाळेतून आले की आधी चहा आणि मग ही बातमीपत्रं. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे चौतीस कोंबड्या होत्या. त्या काळात मी सुखी होते असं म्हणवत नाही, पण संध्याकाळी घरी परतावंसं वाटायचं.

जे झालं ते माझ्या हातून झालं.

थंडी सरत आली होती. शहराबाहेरच्या एका आठवडी बाजारात मला चार तलंगा दिसल्या, अंड्यावर यायच्या बेतातल्या, काळ्या कुळकुळीत. मामाजींना खूश करावं म्हणून मी त्या घेतल्या. ते खूश झालेच, पण म्हणाले, "आठ-दहा दिवस अलग ठेव. बाहेरच्या हायेत." मी त्यांना पुढच्या व्हरांड्यात डालग्याखाली झाकलं. दोन दिवसांनी मामाजी अंडी घेऊन बाहेर गेले असताना अवकाळी पाऊस आला. व्हरांड्यात पाणी उडायला लागलं. एक तलंग डोळे मिटून पेंगत होती. मला वाटलं, थंडीनं. मी चौघींनाही उचललं आणि मागच्या मोठ्या खुराड्यात सोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती तलंग मेलेली होती. दुसऱ्या तीन कोंबड्या पंख पाडून बसलेल्या, विष्ठा हिरवी. संध्याकाळपर्यंत एकीची मान उलटी वळली. ती चालायला जाई आणि गोल फिरून पडे. मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, मानमोडी.

"लस दिली होती का?"

"गावरान कोंबडीले कायची लस, डॉक्टर," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

आता औषध नाही, डॉक्टर म्हणाले. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, बाहेर अंडं जाऊ देऊ नका.

आठवड्यात सगळं आटोपलं. मामाजींनी मला खड्डा खणू दिला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, तो दर सकाळी अंगणाच्या टोकाला कुदळ घेऊन उभा राहायचा. एकेक कोंबडी दोन्ही हातांनी उचलायचा, वळलेली मान सरळ करायचा आणि खाली ठेवायचा. फेकली एकही नाही. शेवटच्या दिवशी कोंबडा आणि दोन कोंबड्या होत्या. त्यांवर माती लोटून झाल्यावर ते तिथेच चुन्याच्या पोत्यावर बसले. मी पाणी नेऊन दिलं. मला राहवलं नाही.

"मामाजी, माह्यामुळं झालं. तुमी अलग ठेवायले सांगतलं होतं. मीच त्यायच्यात सोडल्या."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मलेबी सांगतलं होतं," ते म्हणाले. "त्यानं. बाबा, मयतीले जाऊ नका म्हने. चाळीस वर्षांचा सोबती होता माहा, एका टेबलावर चिठ्ठ्या छाटल्या. मी गेलो. ताप मीच आनला घरात."

ते माझ्याकडे वळले.

"तुले माहीत हाय. पयल्या दिवसापासून माहीत हाय. तीन साल झाले, तू एक अक्षर नाई बोलली."

ते खरं होतं. मी बोलले नव्हते, पण त्यांना पोळी वाढताना कितीदा तरी माझ्या मनात येऊन गेलं होतं, की यांचा ताप उतरला, त्याचा का नाही. ते त्यांना दिसलं असणार. माझ्या वाढण्यात, ताट ठेवण्यात दिसलं असणार. आणि तरी हा माणूस तीन वर्षं माझ्यासमोर बसून जेवत होता.

"पोराले माती नाई देता आली मले," ते म्हणाले, आणि मग ते रडू लागले. म्हातारं माणूस असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, तोंडातून आवाज फुटत नव्हता. सासऱ्याच्या अंगाला सून हात लावत नाही आमच्यात. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांचे मातीनं भरलेले हात माझ्या हातांत धरले. काकू भिंतीपलीकडून डोकावल्या आणि लगेच आत गेल्या.

मला सांगायला आवडलं असतं की त्यानंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली. डॉक्टरांनी काही महिने थांबायला सांगितलं होतं. तेवढा काळ उलटल्यावर मी दोनदा विचारलं. "आनू या का चार-पाच? या बारीनं लस देऊ." मामाजी म्हणाले, "तू आन. मी नाई पायनार आता." त्यांचं फिरणंही थांबलं. ज्या दारांवर ते अंडी द्यायचे तिथल्या बायका विचारायला येत, तेव्हा ते आतूनच "नाई जी, बंद केलं" म्हणत. पण आमच्या दोघांतलं बोलणं मात्र बंद झालं नाही. नवऱ्याच्या लहानपणाच्या कितीतरी गोष्टी मला त्या शेवटच्या वर्षात कळल्या. शाळा बुडवून तो त्यांच्या सायकलच्या मागे बसून पत्रं वाटायला जायचा, ही त्यांतली एक. या गोष्टी मी आधी विचारल्या असत्या तर आधी कळल्या असत्या.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप, मग झोपेतच. या वेळी सगळं रीतसर झालं. चेहरा पाहता आला, माणसं आली, त्यांच्या जुन्या गल्ल्यांतले लोक मोठ्या संख्येनं आले. भाऊ पुन्हा म्हणाला, चल घरी. मी म्हटलं, पाहू.

गेल्या महिन्यात मी सरकारी उबवणी केंद्रातून वीस पिल्लं आणली, एक दिवसाची. ऑटोत खोका मांडीवर धरून बसले होते. भोकांतून सारखा चिवचिवाट चालला होता. ऑटोवाला म्हातारासा होता, आरशातून हसत होता.

"भल्लेच बोलून राहिले, बाई. इतके कोन सांभायनार? घरी कोन कोन हाय?"

"मीच," मी म्हटलं.

त्यानंतर खड्डा आला की तो गाडी अगदी हळू करत होता, घर येईपर्यंत.