मेव्हण्यासाठी घेतलेलं चाडं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही हे अख्ख्या अंबडला ठाऊक आहे. माझ्या कापडदुकानात गिऱ्हाईक अस्तराचं कापड मागायला येतं आणि दोन किस्से ऐकून, अस्तर विसरून जातं. असा मी. पण ही एक गोष्ट जिभेवर आली की घाम फुटतो. आत्ताही फुटलाय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. शिवारात ट्रॅक्टर वाढले, जुनी अवजारं सरपणात जायला लागली, तेव्हा आमच्या गावातल्या निवृत्त ड्रॉइंगच्या सरांनी एक मंडळ काढलं. रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत जमायचं आणि वाकस, रंधा, पटाशी ही सुताराची हत्यारं चालवायला शिकायचं. डॉक्टर, वकील, पोस्टातले साहेब — सगळे भुशात मांडी घालून बसायचे. मलाही तिथं जायचंच होतं. का? लाकडाच्या प्रेमापोटी? छे! जिथं चार मोठी माणसं टाळ्या वाजवतात, तिथं मी नको?

नियम एकच होता. सभासद व्हायचं तर स्वतःच्या हातानं एक वस्तू करून आणायची. मी ऐटीत सांगून टाकलं — चाडं करीन. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. पेरताना त्यात बी सोडायचं आणि तळाच्या तीन भोकांतून ते तिन्ही नळ्यांत सारखं उतरायला हवं. दिसायला सोपं. मी तीन ठोकळे फोडले. चौथ्याला हात लावायची हिंमत झाली नाही, आणि रविवार तर परवावर आलेला.

मग? मग मी एसटी पकडली आणि कुंभार पिंपळगावला इस्माईल मिस्त्री या जुन्या सुताराकडे गेलो. मेव्हण्याला पाहिजे, म्हणालो. म्हातारा केवढा खूश झाला! "दोन साल झाले शेठ, कोणी चाडं मागायलाच आलं न्हाई." माझ्यासमोर त्यांनी भोकं पाडली, सळई लाल केली आणि भोकं आतून भाजून काढली. "बी अडकत न्हाई मंग. हे माझ्या डोक्यातलं हाय, बापानं न्हाई शिकवलं."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. लक्षात घ्या — नीट ऐकलं होतं.

रविवारी मी अंगठ्याला पट्टी बांधून गेलो. जखम कसली? नाटक! सरांनी चाड्यातून ज्वारी सोडली. कागदावर तीन सारखे ढीग. भोकं का भाजली, त्यांनी विचारलं. आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी सांगितलं की बायको चुलीवर भाकरी भाजत होती, ते बघून सुचलं. काय रंगवून सांगितलं! टाळ्या पडल्या. चाडं काचेच्या कपाटात गेलं, आणि वर्षभरात मी मंडळाचा चिटणीस झालो.

तेव्हापासून रविवार उजाडला की मी आधी निमित्त शोधायचो. कुणी म्हणालं, आता आमच्यासमोर एक करून दाखवा, तर? कधी अंगठा दुखायचा, कधी चष्मा घरी राहायचा.

आणि एका रविवारी पडवीच्या पायरीवर इस्माईल मिस्त्री उभे. हातात रुमालात बांधलेलं चाडं. मंडळाची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. काम तर कुणी देत नव्हतं. निदान जिथं हाताची कदर होते तिथं बसावं, एवढीच त्यांची इच्छा. सरांनी दोन्ही चाडी शेजारी ठेवली आणि हसले. "मिस्त्री, हे तर आमच्या चिटणिसांचं बघून केलेलं! आम्ही ते मागच्या महिन्यात बाजारात मांडलं होतं, तिथं पाहिलं असेल. ही भोकं भाजायची युक्ती त्यांची. इथं नक्कल चालत नाही."

मिस्त्रींनी कपाटातल्या चाड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, "शेठ, तुमच्या मेव्हण्याची पेरणी कशी झाली?"

बाकीच्यांना वाटलं, ओळखीतली विचारपूस आहे. मला कळलं. माणूस मला वाट करून देत होता. मी एकच वाक्य बोलायचं होतं. माझं जाणार काय होतं? एक पद. थोड्या टाळ्या. आणि त्यांचं?

"चांगली झाली," मी म्हणालो.

"बराबर," ते म्हणाले. चाडं पुन्हा रुमालात बांधलं आणि निघाले. माझ्यामागे वकीलसाहेब कुजबुजले, "हिंमत बघा म्हाताऱ्याची." मी हसलो. हो, हसलो.

इथंच संपलं असतं, तर मी याला भित्रेपणा म्हटलं असतं. पण दोन वर्षांनी सरांनी भागातल्या जुन्या कारागिरांच्या नावांचा फलक करायला घेतला. नावं मी गोळा केली. सुतार, लोहार, चांभार, बुरूड — कुठं कुठं हिंडलो. इस्माईल मिस्त्री तेव्हा हयात होते. पेंटरनं ब्रश धुवायला घेतला तेव्हा सरांनी मला विचारलं, "कुणी राहिलं का?"

मी यादी पुन्हा एकदा वाचली. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"नाही सर," मी म्हणालो. "सगळे आले."