कावळ्याची एक उडी

माझा हात सरळ नव्हता. सतराव्या वर्षी मी स्वतःला अख्ख्या जळगाव जिल्ह्याची नामांकित खेळाडू समजत होते, आणि माझा चेंडू मात्र तो झेलायला उभ्या कॅचरला सोडून चिंचेखाली चहा पीत बसलेल्या मास्तरांकडे जायचा. एकदा तर त्यांची बशीच फुटली. मी लांबून हात जोडले आणि मनात म्हटलं, काय जोर आहे बघा पोरीच्या हाताला! अशी ती शहाणी.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या शाळेत मुली सॉफ्टबॉल खेळायच्या. मी लेफ्ट फील्डला, म्हणजे डाव्या अंगाला पार मागे. तिथवर आलेला चेंडू उचलायचा आणि धावणारी मुलगी होमला, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, पोचायच्या आत कॅचरच्या हाती द्यायचा, एवढंच माझं काम. तेवढंच जमत नव्हतं.

दोष आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. धरणगावकडे आमचं शेत होतं. दादर ज्वारी भरली की पाखरं हाकायला ते मला सोबत न्यायचे. ते गोफण फिरवायचे, मी नुसत्या हाताने दगड मारायचे, त्यांच्यासारखाच, कमरेजवळून आडवा. दगड वळत वळत जायचा आणि नेमका पाखरांच्या मधोमध पडायचा. आबा सांगायचे, "पोरी, बठ्ठा जोर कंबरमा शे. हात ते नुसता सांगकाम्या." सगळा जोर कमरेत, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या खेळाच्या मॅडमना ते आडवं फेकणं बघवत नसे.

"अगं, चेंडू फेकतेस की पाखरं हाकतेस?"

"पण मॅडम, लांब जातो ना?"

"लांब तर एस.टी.पण जाते. पण ठरल्या गावाला जाते!"

मग पुन्हा तेच. बोटं शिवणीला आडवी धर. कोपर खांद्याच्या वर. नेम कॅचरच्या छातीवर, मध्ये फार तर एक टप्पा. आणि फेकण्याआधी कावळ्यासारखी एक छोटी उडी, म्हणजे अंगाचा सगळा भार चेंडूमागे येतो. माझी उडी म्हशीची होती. दोन वर्षं मॅडम घसा कोरडा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "धुळ्याला संघाची निवड आहे. तिथे वाकडा गेला तर पुढे तू पाण्याची कॅन सांभाळायची."

आबांना हे सांगितलं तर ते हसले. "येसू मी धुळ्याले. देखू दे तरी, पाखरं नही तठे कशावर फेकतस तुम्ही." त्यांनी माझा खेळ कधी पाहिला नव्हता.

निवडीच्या दोन आठवडे आधी आबा शेतात बांधावर बसले ते उठलेच नाहीत. बैलगाडीतून घरी आणलं.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, "पोर दगड व्हई गई." मला तर दगडाइतकंही काही वाटत नव्हतं. भाकरी दिली की खायचे, झोप म्हटलं की झोपायचे. एका दुपारी मी बुटांच्या नाड्या धुतल्या. त्या आधीच स्वच्छ होत्या.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसून राहिले, एकही खाली येईना. ऊन चढलं. काका म्हणाले, "काय राही गयं व्हई त्यासनं? बोला." कोणी शेताचं बोललं, कोणी बैलांचं. कावळे हलले नाहीत. मग मागून आई म्हणाली, "पोरगी धुळ्याले जाई. खेळी."

एक कावळा उतरला. तिरका, एक पाय पुढे, एक मागे. थांबला. मग छोटी उडी मारली आणि सगळं अंग पुढे झोकून पिंडाला चोच लावली. लोकांनी हात जोडले. मी त्याचे पाय बघत होते. बाप गेलेला आणि लेक कावळ्याचे पाय शिकतेय! आता आठवलं की त्या पोरीच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटते.

आईने पिंडापाशी शब्द दिलेला, म्हणून धुळ्याला गेले. खेळाच्या शेवटाकडे चेंडू माझ्याकडे आला. समोरची मुलगी तिसरा बेस ओलांडून होमकडे सुटली होती. मी काही ठरवलं नाही. ठरवायला आत कोणी नव्हतंच. पाय तिरके पडले, उडी झाली, कोपर आपोआप वर गेलं. चेंडू काळ्या मातीवर एक टप्पा घेऊन कॅचरच्या छातीशी जाऊन बसला. मुलगी बाद.

कॅचर माझ्याच वर्गातली. ती पळत आली. "अगं, सरळ आला! सरळ!" मॅडम म्हणाल्या, "हेच तर दोन वर्षं सांगतेय." मी कडेला उभ्या लोकांकडे एकदा नजर फिरवली, आणि विचारलं, "चहा मिळेल का?"

कॅचर म्हणाली, "बाई गं, हस तरी. नाहीतर रड तरी."

यादीत माझं नाव आलं. आईने ते काकांना दोनदा वाचायला लावलं.

हिवाळ्यात दादर भरली तेव्हा आईने मला पाखरं हाकायला धाडलं. पोपटांचा थवा उतरला होता. मी दगड घेतला आणि कमरेजवळून आडवा मारायला गेले. कोपर वरच गेलं. दुसरा मारला, तिसरा मारला. कंबर वळायची आबांनी शिकवली तशीच, पण दगड नाकासमोर सरळ जाऊन बांधापलीकडे पडत होते, आणि पोपट बाजूच्या कणसांवर बसून निवांत खात होते.